मिटिंगमध्ये सगळे "हो" म्हणाले, मग सोयाबीन अडत्याकडे का गेलं?

तुरीचं_वावर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत तीन वर्षांपासून सीईओ आहे. नाव-गाव सांगत नाही, माणसं आपलीच आहेत. पुण्यात एमबीए केलं, तिकडे दोन वर्षं नोकरी केली आणि परत आलो. माझं स्वतःचं गाव इथून चाळीस किलोमीटरवर. म्हणून इथली माणसं मला कळतात असं मी धरून चाललो होतो. मागच्या सोयाबीनच्या हंगामात ते खोटं ठरलं.

खरेदी सुरू होण्याआधी संचालक मंडळाची बैठक घेतली. दहा संचालक, त्यात अध्यक्ष, आणि मी. ठराव साधा होता. प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढायचे, मॉइश्चर मशीनवर ओलावा पाहायचा आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की वजनात कट्टी. नियम सगळ्यांना सारखा. मी प्रोजेक्टर लावून अर्धा तास समजावलं. "कोणाला काही शंका?" असं तीनदा विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "साहेब शिकलेले हायेत, त्यायनं पाहूनच केलं असंन." सगळ्या माना हलल्या. ठराव सर्वानुमते मंजूर.

खरेदीच्या पहिल्या दिवशी दहाच्या सुमारास अध्यक्षांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर आला. मशीनवर आमचा बावीस वर्षांचा मुलगा बसला होता, आयटीआय झालेला, कामाला अगदी चोख. मी वजनकाट्यापाशी उभा होतो, तिथून मशीनचा आकडा दिसत होता. १५.८. मुलाने आकड्याकडे पाहिलं, मग पुतण्याकडे पाहिलं. दाणे परत भांड्यात ओतले, मशीनची कुपी फडक्याने पुसली, पुन्हा भरली. पुन्हा तेच. मग त्याने वहीत १२ लिहिलं. अक्षर सुंदर आहे त्याचं. तो दोनाचा आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मीही तेव्हा काही बोललो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं ठरवलं आहे.

संध्याकाळपर्यंत गोष्ट चार गावांत गेली. दुसऱ्या दिवशी सात गाड्या यायच्या होत्या, दोन आल्या. बाकीच्या खासगी अडत्याकडे गेल्या. त्याच्याकडे मशीनच नाही, तो दाताखाली दाणा फोडतो आणि भाव सांगतो. लोकांना आमच्या मशीनपेक्षा त्याचे दात जास्त खरे वाटले.

माझा प्रश्न हा आहे: ठराव सगळ्यांनी मंजूर केला होता की नव्हता? आणि आपल्या भागात संस्था चालवायची तर जे शिकून आलो त्यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं?

निवृत्त_गटसचिव

भाऊ, ठराव कागदावर मंजूर झाला होता, माणसांत झाला नव्हता.

अमरावती जिल्ह्यात सेवा सहकारी सोसायट्यांचं दप्तर सांभाळण्यात माझी नोकरी गेली. खरं सांगतो, आमसभेच्या आदल्या रात्रीच मी कित्येकदा प्रोसिडिंग लिहून ठेवलेलं आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सह्या मागून. त्यात लबाडी होती असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पूर्ण वाटत नाही, कारण निर्णय आधी झालेलाच असायचा. कुठे व्हायचा? कोणाच्या ओसरीत, कधी पानठेल्यावर, कधी बंडी जुंपताना. सभा ही त्या निर्णयाला चारचौघांत मान देण्याची जागा.

तुम्ही काय केलं, बोलणं सभेतच सुरू केलं. आपल्याकडे भरसभेत शंका काढणं म्हणजे समोरच्याची किंमत करणं. अध्यक्षांनी "साहेब शिकलेले आहेत" म्हटल्यावर नऊ माणसांनी तोंड उघडायचं म्हणजे एकाच वेळी दोघांना खोटं पाडायचं, तुम्हाला आणि अध्यक्षांना. कोण करील?

माझा अनुभव ऐका. सभेआधी आठ दिवस एकेकाच्या घरी जा. चहा होईपर्यंत माणूस कामाचं बोलत नाही. पाऊस, पराटी, पोरीचं लग्न, हेच चालतं. तुम्ही उठलात, उंबऱ्याबाहेर चप्पल घालायला लागलात की म्हणतो, "तसं साहेब, एक सांगू का…" तो जो "एक" असतो, तोच तुमचा अजेंडा.

बुटीबोरीचा_एचआर

गटसचिव काका, उंबऱ्याचं अगदी पटलं. आमच्या कारखान्यातही सुपरवायझर मिटिंगमध्ये बोलत नाहीत, पार्किंगमध्ये गाडीला किक मारताना बोलतात.

धागाकर्त्यासाठी थोडी पुस्तकी बाजू. गीर्त हॉफस्टेड या डच संशोधकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांना तेच तेच प्रश्न विचारले. कंपनी एक, काम सारखं, तरी उत्तरं देशागणिक वेगळी आली. त्याने मोजलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे खालच्या माणसाला वरच्याशी असलेलं अंतर किती स्वाभाविक वाटतं. त्यात भारत ७७, अमेरिका ४०, नेदरलँड्स ३८. मॅनेजमेंटच्या पुस्तकांतला "मोकळी चर्चा करा, टीका मागवा" हा सल्ला बहुतेक चाळिशीच्या देशांत जन्मला आहे. सत्त्याहत्तरच्या देशात तो तसाच लावला की तुमच्यासारखं होतं.

पण मला जास्त उपयोग झाला तो पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांच्या मांडणीचा. १९८० च्या आसपास त्यांनी भारतीय कारखाने-कचेऱ्या पाहून म्हटलं की इथल्या हाताखालच्या माणसाला वरिष्ठाकडून आपुलकी हवी असते. नुसती आपुलकी दिली की काम ढिलं पडतं, नुसती शिस्त लावली की माणूस आतून तुटतो. जो काळजी घेतो आणि ती काळजी कामाशी बांधतो, त्याच्यासाठी लोक राबतात. यापुढचा भाग लोक विसरतात: माणूस तयार होत गेला की त्या वरिष्ठाने हळूहळू हात काढून घ्यायचा आणि निर्णयात त्याला सोबत घ्यायचं. बाप होणं ही पहिली पायरी, तिथेच बसून राहायचं नाही. आपल्याकडे बहुतेक संस्था तिथेच बसल्या आहेत.

सतरंजीवरची

मी आमच्या गावच्या बचत गटायच्या ग्रामसंघाचा हिशोब लिहितो. मोबाईलवर टाईप करून राहिली, चुकलं तं समजून घेजा.

दादा, तुमच्या मिटिंगमधी खुर्च्या होत्या का? मले वाटते अध्यक्षाले हत्त्याची खुर्ची, तुमाले हत्त्याची खुर्ची, बाकीच्यायले पिलास्टिकच्या. मंग बोलन कोण?

आमच्या बचत गटात सुरवातीले असंच होये. पाटलीन काकू अध्यक्ष. त्या बोलल्या का बाकीच्या "हो बाई, हो बाई". त्यातच त्यायची सून बी मेंबर. सासूपुढं सून बोलन का? सहा महिने त्या पोरीनं कर्ज मांगतलं नाई. तिले शिलाई मशीन घ्याची होती हे सगळ्यायले मालूम, पन तिच्या तोंडून कदीच निघालं नाई.

मंग आमच्या सीआरपी ताईनं, म्हंजे बचत गटायले शिकवनाऱ्या ताईनं, दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्या सतरंजीवर गोल बसन, अध्यक्ष बी खाली. दोन, बोलाची पाळी लावली. जिले आपल्या गटात येऊन सगळ्यात कमी दिवस झाले तिनं आंदी बोलाचं, अध्यक्षानं सगळ्यात मांगून. "मले काई नाई बोलाचं" हे बी मोठ्यानं म्हनाव लागे. पयल्या चार मिटिंगा सगळ्या तेच म्हनल्या. पाचव्या मिटिंगले त्या सुनेची पाळी आली, तिनं पदर सावरला, सासूकडं न पाह्यता सतरंजीकडं पाहून म्हनली, "मले मशीनीसाठी पैसे पाह्यजे." काकू पाच मिनिटं काईच बोलल्या नाई. मंग त्यायची पाळी आली तं म्हनल्या, "देऊन टाका, भरन ते."

भरले तिनं. एक हप्ता चुकला नाई.

मान ठेवाच लागते दादा. काकूले आमी कोनी कमी लेखलं नाई, शेवटचा शब्द त्यायचाच होता. फक्त पयला शब्द त्यायच्याकडून काढून घेतला.

तुरीचं_वावर

ताई, खुर्च्यांचं तंतोतंत खरं आहे. हत्त्याच्या दोनच होत्या.

बोडीकाठ

गडचिरोलीहून लिहितोय. "भारतीय माणूस असा, मराठी माणूस तसा" असं एका आकड्यात बसवायला गेलं की विदर्भसुद्धा त्यात बसत नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत असेल. गोंडांचं गाव, लोकवस्ती पाचशेच्या आसपास. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. आता विचार करा: बांबू तोडणी, मजुरी, लिलाव, बँक खातं, हिशोब. हा एखाद्या मध्यम कंपनीएवढा कारभार आहे आणि तो बहुमताने चालत नाही, सर्वसहमतीने चालतो. एक माणूस "नाही" म्हणाला तर निर्णय थांबतो. पुन्हा बसतात. अवघड विषय असला तर वेगळा अभ्यास गट बसतो, माहिती गोळा करतो, बाहेरच्या जाणत्याला बोलावतो. पण निर्णय अभ्यास गट घेत नाही, ग्रामसभाच घेते.

इथे गप्प बसणं म्हणजे होकार धरत नाहीत. उलट जो बोलला नाही त्याला विचारतात. ही सवय कोणा सल्लागाराने लावलेली नाही, गोटूलच्या, म्हणजे गोंड गावातल्या एकत्र जमण्याच्या जागेच्या, काळापासून एकत्र बसण्याची जी रीत होती तिच्यावर कारभार उभा राहिला. वेळ लागतो. शहरातून आलेला अधिकारी वैतागतो. पण एकदा ठरलं की माणसं मागून दुसरीकडे जात नाहीत, कारण मागून बोलायला काही उरलेलंच नसतं.

आणखी एक उदाहरण. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्य संस्था सुरू केली. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते हे त्यांनी ऐकून घेतलं, आणि संस्थेच्या शोधग्राम या आवारातला दवाखाना गोंड गावातल्या घरांसारखा बांधला, नाव दिलं माँ दंतेश्वरी. औषधं तीच, शस्त्रक्रिया तीच. बदललं ते दार. व्यवस्थापनात संस्कृतीचा विचार म्हणजे मला वाटतं हे असं ऐकून घेणं.

कोरडवाहू

सगळ्यांचं वाचलं. कोणाला दुखवायचं नाही, पण मला या धाग्यात एक गोष्ट खुपते आहे. आपण "संस्कृती" म्हणतो आहोत आणि ज्याच्याकडे जमीन आहे त्याला जाब न विचारता सोडून देतो आहोत.

धागाकर्ते, मशीनवरचा तो मुलगा कोणाचा?

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून आपण हात जोडून म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." फार सुंदर रीत आहे, मी स्वतः करतो. पण त्याच बैलामागे वर्षभर चालणारा सालगडी पाडव्याला नवं साल बोलायला येतो तेव्हा मालक खाटेवर असतो आणि तो जमिनीवर. कोणी "खाली बस" म्हणत नाही, तो आपणहून बसतो. हे "अंतर स्वाभाविक वाटणं" कुठून आलं? पूर्व विदर्भात मालगुजारी (गावाची जमीन मालगुजाराच्या ताब्यात) १९५१ मध्ये गेली, वऱ्हाडात आधीपासून रयतवारी (जमीन थेट कास्तकाराच्या नावावर) होती. कागदावर दोन्हीकडे मालक वेगवेगळे, पण वावरातल्या मजुराची बसायची जागा दोन्हीकडे तीच.

उत्पादक कंपनीचा कायदा २००२ च्या दुरुस्तीने आला. त्यात शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. फार मोठी गोष्ट आहे. पण ज्याचं देणं डोक्यावर आहे त्याच्या तोंडावर ते एक मत कसं वापरायचं, हे कायदा शिकवत नाही.

एचआर साहेब, त्या डच माणसाने प्रश्न विचारले ते आयबीएमच्या पगारदारांना. त्यात आमच्या गावचा एकही मजूर नव्हता.

बुटीबोरीचा_एचआर

शेवटचा मुद्दा बरोबर आहे. ७७ हा आकडा मीही कंपनीत जरा सैल हाताने वापरतो. "आपल्याकडे असंच चालतं" म्हणून अन्याय झाकायला तो सोयीचा पडतो, हे मी पाहिलेलं आहे.

तुरीचं_वावर

कोरडवाहू, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मी पहिल्या पोस्टमध्ये ते टाळलं होतं.

त्या मुलाचे वडील अध्यक्षांकडे एकोणीस वर्षं सालगडी होते. हे मला माहीत होतं आणि तरी मीच त्याला मशीनवर बसवलं, कारण आकडेवारीत तो सगळ्यांत हुशार. अजून एक सांगतो म्हणजे चित्र पुरं होईल: त्याच्या आयटीआयची फी अध्यक्षांनी भरली होती, आणि ते कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. म्हणजे त्या दिवशी त्याने १२ लिहिलं ते नुसत्या भीतीने लिहिलं असं मला वाटत नाही. त्यात उपकाराची जाण होती. आपल्या भागात जाण ठेवणाऱ्या माणसाला चांगला माणूस म्हणतात. मी त्या चांगुलपणालाच नियमाच्या समोर उभं केलं, आणि वर स्वतः काट्यापाशी गप्प उभा राहिलो.

पुढे काय झालं तेही सांगतो.

गाड्या फिरल्या त्या संध्याकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. चहा झाला. पुतण्याचं नावही मी काढलं नाही. निघताना, गटसचिव काका म्हणतात तसंच, उंबऱ्यावर बोलणं झालं. मी म्हटलं, "काकाजी, मशीनवर लोकांचा भरवसा उरला नाही. तो मी नियम सांगून परत आणू शकत नाही. तुम्ही आणू शकता." ते बराच वेळ अंगणातल्या सोयाबीनच्या ढिगाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोराले घाबरवलं का तुमी?" मी नाही म्हणालो. "घाबरवू नका. उद्या सकाळी पयला माल माह्या लावा."

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते स्वतः ट्रॅक्टरवर बसून आले. पंधरा-वीस माणसं जमली होती. मुलगा कुपी भरत होता, हात थरथरत होते. आकडा आला १४.१. तो थांबला. अध्यक्ष म्हणाले, "वाच ना बापा, मोठ्यानं वाच." त्याने वाचला. "लिही." त्याने लिहिला. कट्टी धरून वजन झालं, त्यांनी पावतीवर सही केली आणि तिथेच सगळ्यांसमोर पुतण्याला सांगितलं की परवाचा फरक दुपारपर्यंत भर. भरला.

त्या आठवड्यात काही गाड्या परत आल्या. सगळ्या आल्या नाहीत.

सतरंजीवरची

याले म्हनते खराटा हाती घेनं. आमच्या आजीनं गाडगेबाबाले पाह्यलं होतं, थे सांगे, बाबा गावात आले का कोनाले "झाडा" म्हने नाई. सवताच खराटा घेऊन नालीत उतरे. मंग गावातले मोठेमोठे धोतर खोचून मांगं. रात्री कीर्तन. आमच्या लोकायले ऐकून पटत नाई, पाहून पटते. तुमच्या काकाजीनं थेच केलं.

कोरडवाहू

आनंद वाटला, मनापासून. तरी विचारतो: काकाजी भले माणूस निघाले म्हणून हे झालं. पुढच्या निवडणुकीत दुसरा अध्यक्ष आला आणि तो भला नसला तर?

निवृत्त_गटसचिव

हा प्रश्न मी नोकरीभर टाळला. भले अध्यक्ष असले की सोसायटी वर येते, गेले की बसते. मी दोन्ही पाहिलं. दोन्ही वेळी दप्तर एकाच पद्धतीने लिहिलेलं होतं.

बोडीकाठ

म्हणूनच एका माणसाच्या मोठेपणावर सोडायचं नाही, ते रीतीत घालायचं. अध्यक्ष बदलला तरी लोकांनी "काकाजींच्या वेळी पहिला माल अध्यक्षाचा लागायचा" असं म्हटलं पाहिजे. रीत झाली की नव्या माणसाला ती मोडणं जड जातं. आपल्याकडे नियमापेक्षा रीत मोडायला माणूस जास्त कचरतो, याचा फायदा घ्या.

तुरीचं_वावर

त्याच दिशेने या वर्षी तीन गोष्टी केल्या आहेत. हंगामाचा पहिला माल अध्यक्षांचा, त्यानंतर बाकीच्या संचालकांचा, गावासमोर. बैठक आता गोदामात सतरंजीवर होते, आणि ताईंच्या गटासारखीच सगळ्यांत नवा संचालक आधी बोलतो, अध्यक्ष शेवटी. पहिल्या दोन बैठका जवळपास मुक्याने गेल्या. तिसऱ्या बैठकीत एका संचालकाने सांगितलं की लहान कास्तकाराकडे सोयाबीन वाळवायला जागाच नाही. मोठ्यांकडे खळं आहे, त्याच्याकडे रस्त्याची कड. म्हणजे माझा "सगळ्यांना सारखा" नियम सारखा नव्हताच. दीड तास त्यावर बोलणं चाललं. आता गोदामामागची मोकळी जागा साफ करून तिथे ताडपत्र्या टाकल्या आहेत, कोणीही दोन दिवस माल वाळवू शकतो.

सतरंजीवरची

थे बेस केलं. पन मशीनवर कोन बसते आता? थोच पोरगा का?

तुरीचं_वावर

तोच, ताई. मी त्याला दुसरं काम देऊ केलं होतं, तो नको म्हणाला. फक्त आकडा आता तो वाचत नाही. ज्याचा माल असतो त्याच्याकडे मशीन फिरवतो, तो कास्तकार स्वतः मोठ्याने वाचतो, आणि मुलगा ऐकून लिहितो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रांगेतला मागचा माणूस वाचतो.